सहाशे सतरा अंकांची वही

आटपाडीच्या वाघमोडे गुरुजींच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी वही बाहेर यायची. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आत दोनच पानं लिहिलेली, आणि त्या दोन पानांवर एकच आकडा. एकच, पण सहाशे सतरा अंकांचा! वीस-वीस अंकांच्या तीस ओळी आणि शेवटची एकतिसावी सतरा अंकांची. प्रत्येक ओळीपुढे लाल शाईनं नवाचा ताळा मांडलेला. पाहुणा "बाप रे" म्हणेपर्यंत गुरुजी काही वही मिटायचे नाहीत, आणि चहा घेऊन आलेली त्यांची लेक प्रणाली ट्रे धरून दारातच ताटकळत उभी राहायची.

ही नुसती हौस नव्हती बरं का. गुरुजींना कंपवात. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं फळ्यावर वळणदार अक्षर काढणारा हात असा थरथरायला लागला, की आमटीचा चमचा तोंडापर्यंत पोचेतो रिकामा व्हायचा. २०३२ साली मिरजेला ऑपरेशन झालं. मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र. ते यंत्र तारांमधून ठरावीक ठेक्यात वीज सोडतं आणि मेंदूतला गोंधळ शांत करतं. वाटेल त्यानं बाहेरून बिनतारी हुकूम सोडून माणसाच्या डोक्यातली वीज कमी-जास्त करू नये, म्हणून कंपनीनं यंत्राला कुलूप घातलेलं. ते कुलूप म्हणजेच हा आकडा.

आकड्याचं कुलूप कसलं, असं तुम्ही विचाराल. सत्त्याण्णव गुणिले एकोणनव्वद करा म्हटलं, तर कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या मिनिटात तुम्ही ८६३३ सांगाल. पण नुसता ८६३३ पुढे टाकून 'हा कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार?' असं विचारलं, की बसा सातानं भागत, अकरानं भागत, तेरानं भागत! गुणायला सोपं, उकलायला अवघड. कंपनीनं प्रत्येक रोग्यासाठी तीनशे नऊ अंकांच्या दोन मूळ संख्या निवडल्या होत्या. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही अशी. त्या दोघींचा गुणाकार यंत्रात घातला, आणि मूळ संख्या स्वतःच्या तिजोरीत ठेवल्या. त्या ज्याच्याजवळ असतील, त्यालाच यंत्राला पटेल असा हुकूम लिहिता येतो. गुणाकार लोकांना कळला तरी बिघडत नाही. विश्वातले सगळे अणू मोजले तरी तो आकडा ऐंशीएक अंकांत मावतो, मग सहाशे सतरा अंकांचा आकडा भागून उकलणार कोण?

आणि २०३८ साली कंपनीच बुडाली. तिजोरीतल्या मूळ संख्या कुठं गेल्या, कुणाला पत्ता नाही. रोग्यांना दिलेल्या चकचकीत कागदाच्या पट्ट्यांवर हा आकडा होता, पण ती छपाई दोन-तीन वर्षांतच पांढरी झाली होती. प्रणालीच्या ज्या मोबाइलमध्ये त्या पट्टीचा फोटो होता, तो मोबाइल ती कामाला असलेल्या पॅकहाऊसमध्ये डाळिंब धुवायच्या हौदात गेला. राहिली फक्त गुरुजींची वही.

२०४१ च्या दिवाळीनंतर गुरुजींचा आवाज गेला. पटावरची नावं घेतली तर तीन गल्ल्यांत ऐकू जायची, असा तो माणूस. आता त्यांच्या ओठांना कान लावावा लागे. चेहरा लाकडासारखा घट्ट झाला. मग गिळताना ठसका लागायला लागला. पाणीसुद्धा चमच्याचमच्यानं.

मिरजेच्या डॉक्टर शेट्यांनी स्पष्टच सांगितलं. "वीज वाढवली तर आवाज येईल, गिळणं सुधारेल. माझ्या हातात पाच मिनिटांचं काम आहे. पण कुलूप उघडल्याशिवाय ते यंत्र माझं ऐकत नाही. दुसरं बसवावं तर या तारा त्याला जुळत नाहीत, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी परत डोकं उघडायची माझी छाती नाही."

"किती दिवस आहेत, डॉक्टर?"

"अन्न श्वासनलिकेत गेलं तर एका न्यूमोनियाचं काम. महिने समजा. वर्ष नको समजायला."

प्रणाली बेचाळीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, पॅकहाऊसमध्ये चाळीस बायकांची सुपरवायझर. ती सहसा कुणासमोर रडायची नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मात्र तिनं पदर तोंडात कोंबला, कारण मागच्या सीटवर तिचे आप्पा, म्हणजे गुरुजी, जागे होते.

आशा होती ती पुण्याजवळच्या क्वांटम संगणकाची. तीन वर्षांपूर्वी तिथं असं यंत्र उभं राहिलं होतं, की ज्याला असले राक्षसी आकडे उकलता येत होते. कसं, ते छोट्या आकड्यावर बघा. पंधरा घ्या. दोनाला दोनानं गुणत चला आणि दर वेळी पंधरानं भागून बाकी लिहा. दोन, चार, आठ, मग सोळाची बाकी एक. पुन्हा दोन, चार, आठ, एक. चारचा ठेका सापडला. ठेक्याच्या अर्ध्यावर, म्हणजे दुसऱ्या जागी, बाकी आहे चार. चारात एक उणा केला की तीन, एक मिळवला की पाच. आणि पाच त्रिक पंधरा! उकलला की नाही? सहाशे सतरा अंकांच्या आकड्याचा ठेका मात्र इतका लांब असतो, की साधा संगणक एकेक बाकी मोजत बसला तर सूर्य विझायची वेळ येईल. क्वांटम संगणक सगळ्या बाक्या एकाच वेळी लाटांसारख्या उठवतो. न जुळणाऱ्या लाटा एकमेकींना मारून टाकतात आणि जुळणारा ठेका तेवढा उरतो. मैदानात हजार ढोल वाजत असले तरी लांबून एकच ठेका ऐकू येतो, तसं काहीसं.

जगानं आपली कुलपं केव्हाच बदलली होती, नव्या गणितावर नेली होती. पण माणसांच्या छातीतली कुलपं कोण बदलणार? म्हणून सरकारनं बुडालेल्या कंपन्यांच्या रोग्यांसाठी त्या संगणकावर पाळ्या लावून दिल्या होत्या. एका रोग्याला एक पाळी. चुकली तर रांगेच्या शेवटी, आणि रांग चौदा महिन्यांची.

प्रणालीनं गुरुजींचं नाव आवाज जायच्या कितीतरी आधी, २०४० सालीच नोंदवून ठेवलं होतं; पाळी लागली सतरा फेब्रुवारीला. अकरा दिवस आधी प्रणालीनं वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकहाऊसमध्ये तिचा फोन वाजला.

"प्रणालीताई का? मी रेहाना मुजावर, पुण्याच्या संगणन केंद्रातनं. ताई, तुमच्या आकड्यात चूक आहे."

"शक्य नाही. आमच्या आप्पांनी ओळीओळीचा ताळा घेतलाय."

"आम्ही पाळीआधी साध्या संगणकावर आकडा तपासतो. तुमच्या आकड्याला एकशे सदतीसनं पूर्ण भाग जातोय. खऱ्या कुलपाच्या आकड्याला एवढ्या लहान संख्येनं भाग जाणारच नाही. उतरवताना काहीतरी इकडचं तिकडं झालंय."

प्रणालीच्या हातातलं डाळिंब तसंच हातात राहिलं. रेहाना आपली सांगत होती. मुलगी तिशीतली असावी, पण बोलणं समजुतीचं.

"हे बघा, नवाचा ताळा म्हणजे अंकांची बेरीज करत करत एक अंक उरवायचा, बरोबर? एखादा अंक चुकला तर बेरीज बदलते आणि ताळा चूक पकडतो. पण दोन अंकांची नुसती अदलाबदल झाली, तर बेरीज तीच राहते. चौसष्टचे सेहेचाळीस झाले तरी सहा आणि चार दहाच. ताळ्याला काही कळत नाही. मला वाटतं, तुमच्याकडं तसंच झालंय. पण किती ठिकाणी, कुठं, ते कसं—"

"एकाच ठिकाणी," प्रणाली म्हणाली. "आणि एका जोडीतच. आम्ही दोन-दोन अंकांच्या जोड्या करून वाचत होतो."

"एवढं खात्रीनं कसं सांगता?"

"कारण ती अदलाबदल मी केलीय. मुद्दाम."

नऊ वर्षं ती गोष्ट तिच्या ध्यानीमनी नव्हती. आता ती अख्खी दुपार समोर येऊन उभी राहिली. ऑपरेशनला महिना झालेला. आप्पा म्हणाले, पट्टीवरचा आकडा वहीत उतरवून घेऊ. ती वैतागली होती. "मोबाइलवर फोटो काढलाय की!" तर म्हणाले, "मोबाइल बंद पडतो. वही पडली तर फार तर धूळ लागते." मग ती वाचायला बसली आणि आप्पा लिहायला. दर ओळीला थांबून पट्टीचा आणि वहीचा ताळा जुळवायचा, आणि दर ताळ्याला तेच पालुपद: "नवाचा ताळा आहे पनू, चूक सुटायची नाही." कॉलेजात तिनं गणित घेतलं होतं. तिला अदलाबदलीची गंमत ठाऊक होती. आप्पांची जिरवावी म्हणून तिनं मध्येच कुठंतरी एक जोडी उलटी वाचली. शेवटी सांगायचं, 'बघा तुमचा ताळा!' आणि दोघांनी हसायचं, एवढाच बेत.

पण शेवटचा अंक लिहून झाला आणि आप्पांनी पेन खाली ठेवलं. उजवा हात समोर धरला. हात स्थिर होता. सहाशे सतरा अंक लिहून स्थिर होता! "पनू," ते म्हणाले, "हात बघ माझा." आणि चौतीस वर्षं पोरांना दरडावणारा तो माणूस हमसून हमसून रडला. तीही रडली. त्या वहीत चूक आहे हे त्या क्षणी कुठल्या तोंडानं सांगणार? उद्या सांगू म्हणाली, तो उद्या आलाच नाही, आणि पुढं विसरूनही गेली.

प्रणालीनं हे सगळं सांगेपर्यंत रेहानानं वहीचे फोटो पुन्हा उघडले होते. मग म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुमच्या चावटपणानं माझं काम सोपं केलंय. तीनशे आठ जोड्या. दोन्ही अंक सारखे असलेल्या सोडल्या, तर दोनशे एक्याऐंशी. एकेक जोडी उलटून दोनशे एक्याऐंशी आकडे तयार करते आणि ज्यांना लहान भाग जातात ते बाद करत जाते. साधे संगणक रिकामेच असतात माझ्याकडं."

हे तिचं काम नव्हतं. नियमानं तिनं 'आकडा सदोष' असा शेरा मारून पुढचा कागद उचलायचा होता. तिनं चार दिवस आपल्या खोलीतले सगळे संगणक त्या आकड्यांना जुंपले. पाचव्या दिवशी फोन आला.

"नऊ उरलेत. यापुढं साध्या संगणकाची ताकद नाही. आणि पाळी एकच आहे, ताई."

"म्हणजे नऊपैकी एक निवडायचा?"

"यादी पाठवते. ओळ कितवी, जोडी कितवी, सगळं लिहिलंय. तुम्हाला काही आठवतंय का बघा. नाहीतर ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा."

प्रणालीनं यादीवर दोन दिवस डोकं फोडलं. काही म्हणजे काही आठवेना. आप्पांना विचारायचं तर सगळं सांगावं लागणार. आवाज गेला, हात पुन्हा थरथरू लागला, चालणं दोन काठ्यांवर आलं. त्या माणसाकडं दाखवण्यासारखी ही एकच वही उरली होती. तीही खोटी, आणि पोटच्या पोरीनं खोटी केलेली, हे ऐकवायचं? त्यापेक्षा डोळे मिटून एका जोडीवर बोट ठेवावं, असंही तिच्या मनात आलं. नऊपैकी एक लागलं तर लागलं. पण मग डॉक्टरांचं 'वर्ष नको समजायला' आठवायचं आणि ती यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पांना अंगणात उन्हात बसवून पेज भरवत होती. अर्धी वाटी संपली आणि तिनं चमचा खाली ठेवला.

"आप्पा, एक सांगायचंय. वहीत चूक आहे. तुमची नव्हे. माझी."

तिनं सगळं सांगितलं. जोडी उलटी वाचली ते, का वाचली ते, आणि का सांगितलं नाही तेही. आप्पांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आजारानं चेहऱ्याची हालचालच नेली होती, त्यामुळे ते रागावले की खचले, काही कळायला मार्ग नव्हता. ते नुसते तिच्याकडं बघत राहिले. असं बघण्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

मग ओठ हलले. तिनं कान नेला.

"वही."

तिनं धावत जाऊन वही आणली, मांडीवर उघडून धरली. आप्पांचं बोट थरथरत पानावरून उतरू लागलं आणि एका जागी थांबलं. तिथं एका जोडीखाली पेनाचा ठिपका होता. इतका बारीक, की नऊ वर्षांत तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. बोट पुढं गेलं. आणखी एक. दुसऱ्या पानावर आणखी दोन.

"ठिपके कसले, आप्पा?"

"वाचताना…" श्वास घ्यायला ते थांबले. "अडखळलीस… तिथं."

तिला त्यांचा वर्ग आठवला. शाळेत पोरगं धडा वाचायला उभं राहिलं की गुरुजी मध्येच टोकत नसत. स्वतःच्या पुस्तकात, पोर जिथं अडखळेल त्या शब्दाखाली ठिपका देत आणि सगळं वाचून झाल्यावर त्याला जवळ बोलावत. चौतीस वर्षांची खोड. लेक आकडे वाचत असतानाही हात आपोआप ठिपके देत होता. सरळ वाचणारी माणसं अडखळत नाहीत. उलटं वाचायचं म्हणजे आधी मनात उलटावं लागतं, आणि त्यात क्षणभर जातो.

तिनं यादी काढली. पहिला ठिपका यादीत नाही. दुसरा नाही. तिसरा, एकोणिसावी ओळ, सातवी जोडी. वहीत अडतीस. यादीत सहाव्या क्रमांकावर: ओळ एकोणीस, जोडी सात, अडतीस ऐवजी त्र्याऐंशी. चौथा ठिपका पुन्हा यादीत नाही.

"सापडलं आप्पा! सापडलं हो!"

ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडायला लागली. केसांवर थरथरता हात आला. तिनं कान वर नेला, कारण ओठ पुन्हा हलत होते.

"त्या दिवशी… सांगितलं नाहीस… बरं केलंस." मोठा श्वास. "नऊ वर्षं… मिरवलं मी."

सतरा फेब्रुवारीला संगणक सहा तास चालला. दुपारी फोन वाजला तेव्हा प्रणालीनं पॅकहाऊसचं मशीन थांबवायला लावलं. चाळीस बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

"ताई," रेहाना म्हणाली, "दोन भाग. दोनच. दोन्ही तीनशे नऊ अंकी. मी गुणून बघितले, बरोबर येतंय. आणि गंमत म्हणून ताळाही घेतला. तोही जुळला."

"तुझं घर कुठलं गं बाई?" प्रणालीनं विचारलं. तासगाव म्हटल्यावर, "तुझ्या आईवडिलांना उद्या डाळिंबाची पेटी पोचते, आणि मी स्वतः घेऊन येते," असं म्हणून फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच गेली. अनोळखी घरात, अनोळखी माणसांच्या पाया पडून, 'तुमच्या लेकीनं माझा बाप दिला' म्हणून सांगून आली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर शेट्यांनी हुकूम पाठवला. छातीतल्या यंत्रानं तो तपासला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मान्य केला. डॉक्टर पायरीपायरीनं वीज वाढवू लागले. पहिल्या पायरीला हाताची थरथर मंदावली. दुसरीला खांदे सैल झाले. तिसऱ्या पायरीला गुरुजींच्या भुवया हलल्या, आणि गालाचा एक कोपरा वर गेला.

"गुरुजी, काहीतरी बोला बघू," डॉक्टर म्हणाले. "नाव सांगा तुमचं."

गुरुजींनी घसा खाकरला. खोलीवरून एकदा नजर फिरवली, वर्गात शिरल्यावर फिरवतात तशी. ती नजर प्रणालीवर येऊन थांबली.

"प्रणाली विलास वाघमोडे!"

बाहेरच्या बाकांवर बसलेले रोगी दचकून दाराकडं वळले. नर्सच्या हातातला ट्रे वाजला.

"हजर," प्रणालीच्या तोंडून निघून गेलं.

"एकोणिसावी ओळ. सातवी जोडी." एकेक शब्द खणखणीत. "अंगठे धर!"

चाळीस बायकांची सुपरवायझर, बेचाळीस वर्षांची बाई, तिनं पदर खोचला, वाकली आणि भर दवाखान्यात पायाचे अंगठे धरले. पाठीत कळ गेली. डोळ्यांतलं पाणी उलटं कपाळाकडं वाहायला लागलं आणि नाकातही गेलं.

"अहो गुरुजी, पुरे की," डॉक्टर हसत म्हणाले. "ताई, उठा तुम्ही."

"तुम्ही मध्ये पडू नका, डॉक्टर," ती तशीच वाकून म्हणाली. "बोलू दे त्यांना. अजून रागवा, आप्पा. सगळं बोला."

आणि गुरुजी बोलायला लागले. आकडा वाचताना लक्ष कुठं असतं तुझं, इथपासून सुरुवात केली, ते पार तिच्या चौथीच्या परीक्षेपर्यंत मागं गेले. बाहेरचे रोगी दारात गोळा होऊन ऐकत होते. प्रणाली अंगठे धरून उभी होती, आणि गुरुजी काही केल्या थांबत नव्हते.